ताऱ्यांचा हिशेब आणि मीटरचा हिशेब

पुणे शहर व उपनगरे येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सर्व सभासदांस सविनय सादर

सभासद बंधुभगिनींनो,

एसी, फ्रीज किंवा गिझर यांवर चिकटविलेल्या सरकारी पट्टीवरचे तारे मोजावेत, ते पाच भरले की विजेच्या बाबतीतले आपले नागरिक या नात्याचे कर्तव्य पार पडले असे मानावे, आणि मग यंत्र किती मोठे आहे व किती तास चालते याची चौकशी कोणी करू नये, अशी जी समजूत सुशिक्षित घरांतून रूढ झाली आहे, ती सर्वस्वी चुकीची असून तिच्याच आश्रयाने अनेक घरांचा वीजवापर बिनदिक्कत वाढत चालला आहे, हे स्पष्टपणे मांडण्यासाठी आम्ही हे पत्रक काढीत आहोत.

ताऱ्यांशी आमचे वैर नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला, त्यान्वये पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून तारांकित पट्ट्या बाजारात आल्या; या तजविजीमुळे आजची यंत्रे पूर्वीच्या यंत्रांहून निःसंशय सरस झाली आहेत, आणि जे यंत्र घ्यावयाचेच ठरले आहे ते अधिक ताऱ्यांचे घ्यावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तारे यंत्राची तुलना त्याच्याच वर्गातील इतर यंत्रांशी करतात, आणि फ्रीजच्या बाबतीत तर आकारमान हिशेबात धरूनच करतात. त्यामुळे तिघांच्या कुटुंबाने हौसेने आणलेल्या भल्यामोठ्या दोन दारी फ्रीजवर शेजारच्या लहान फ्रीजपेक्षा एखादा तारा अधिक असूनही वर्षाकाठी तोच अधिक वीज घेतो, असे खुशाल घडू शकते. वर्षाला किती युनिटे, हा खरा आकडाही त्याच पट्टीवर छापलेला असतो, पण दुकानात तो वाचणारा गिऱ्हाईक विरळा. शिवाय एसीच्या बाबतीत हा आकडा, यंत्र वर्षातून १६०० तास चालेल असे गृहीत धरून काढलेला असतो, आणि त्याच्या दुप्पट तास ते चालविणाऱ्याला पट्टी अडवू शकत नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. वीजखाऊ म्हणून हिणवला जाणारा जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो. रात्रीचे आठ तास तो फिरला तर ०.६ युनिट होते. नव्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात, म्हणजे तेवढ्याच वेळात पाव युनिटही होत नाही. पाच ताऱ्यांचा दीड टनी एसी मात्र त्याच आठ तासांत तीन-चार युनिटे सहज घेतो. तेव्हा ज्या गृहस्थाने पंखा बंद करून पाच ताऱ्यांचा एसी लावला, त्याने कार्यक्षम यंत्र विकत घेतले हे खरे असले तरी त्या खोलीचा वीजवापर त्याने पाच-सहा पटींनी वाढविला, हेही तितकेच खरे आहे. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात, किंवा घरात आजारी वा वृद्ध माणूस असताना, एसीला चैन म्हणणे क्रूरपणाचे होईल, याची आम्हांस जाणीव आहे. पण पुण्यासारख्या, वर्षातील बहुतेक रात्री उघड्या खिडकीवर निभून जातात अशा गावी, तो १८ अंशांवर ठेवून अंगावर दुलई ओढून झोपण्याचे समर्थन कशाने करावयाचे? १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताच २४ अंशांवर यावा असा नियम आहे, आणि एक अंश वर गेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरोच सांगतो; परंतु रिमोटची कळ सहा वेळा दाबून तो नियम घरोघर निष्फळ केला जातो.

गिझरचे उदाहरण याहूनही बोलके आहे. विजेचे उष्णतेत रूपांतर करण्याच्या कामी गिझरची कॉइल आधीच जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम असते. तिथे तारे मोजतात ते तापून राहिलेल्या टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेचे प्रमाण. २० लिटरांची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर आणण्यास सुमारे ०.३५ युनिट लागणारच; हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे आणि कॉइलच्या कोणत्याही गिझरला तो चुकविता येत नाही. बादलीऐवजी शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले की ८० ते १०० लिटर पाणी जाते, म्हणजे एका माणसाच्या एका स्नानास दीड युनिटाच्या आसपास वीज. इथे उपाय दोनच: पाणी कमी घेणे, किंवा गच्चीवर सौर बंब बसवून ते उन्हाने तापविणे.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात दाखवून दिले की, स्कॉटलंडमध्ये टनभर लोखंडामागे लागणारा कोळसा एकतृतीयांशाहूनही कमी झाला, आणि १८३० ते १८६३ या काळात तिथला कोळशाचा एकूण खप मात्र दहापट झाला. कारण कोळसा थोडा लागू लागताच लोखंड स्वस्त झाले, मागणी वाढली आणि नव्या भट्ट्या पेटल्या. घरात हुबेहूब असेच घडते, असा आमचा दावा नाही. ६० वॅटच्या बल्बाजागी ९ वॅटचा एलईडी आला, त्यातली बचत खरी आहे, आणि २०१५ पासून उजाला योजनेतून असे कोट्यवधी बल्ब घरोघर गेले ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात क्षणभर मान वर करून पाहावे. जिथे एक बल्ब पुरत असे तिथे पीओपीच्या छतात ६ वॅटचे बारा दिवे आहेत, म्हणजे ७२ वॅट झाले, जुन्या बल्बाहून अधिक. आणि कडेने दडविलेली प्रकाशपट्टी निराळीच.

बिल आम्ही भरतो, मग आम्हांस विचारणारे तुम्ही कोण, असा सवाल काही सभासद करतील. बिलात युनिटाची किंमत असते. ते युनिट ज्यांच्या दारातून येते त्यांनी सोसलेले त्यात धरलेले नसते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी याच जिल्ह्यात मुळशीला धरण घातले जाऊ लागले तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला, आणि अखेरीस पिढीजाद जमिनी पाण्याखाली गेल्याच. आज आपल्या घरी येणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा कोळशाचा आहे. एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, आणि त्याची राख आपल्या गॅलरीत पडत नाही. ती चंद्रपुरास पडते, जिथले औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. सूर्य मावळून सौर वीज थांबते नेमक्या त्याच वेळी आपले दिवे, एसी आणि लिफ्ट एकदम सुरू होतात. आणि ज्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे पाळीची वीज रात्री मिळत आली, तो विंचूकाट्यातून, बिबट्याच्या धास्तीत, पिकाला पाणी देत राहिला. त्याने काटकसर करावी असे सांगण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नाही. आमची विनंती आहे ती ज्यांच्या घरी युनिटे तीनशेच्या पुढे जातात त्यांना.

सरकारकडे आमची मागणी अशी की, पट्टीवर वार्षिक युनिटांचा आकडा ताऱ्यांहून ठळक छापावा, आणि अवाढव्य यंत्राला केवळ त्याच्या वर्गात ते बरे ठरते म्हणून पाच तारे देऊ नयेत. संस्थांच्या हाती तर याहून पुष्कळ आहे: गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा, म्हणजे वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांचा ताप थेट कमी होतो, रंगकामाच्या वेळी खिडक्यांवरचे छज्जे तोडू नयेत, आणि इमारतीची शोभा जाते या सबबीवर गॅलरीत कपडे वाळत घालण्यास केलेली मनाई उठवावी, कारण त्या मनाईपायी भर उन्हाच्या दिवशी लोक विजेवर कपडे वाळवू लागले आहेत.

३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढील ठराव प्रत्येक संस्थेत मांडला जावा, यासाठी त्याचा मसुदा येथे देत आहोत. सूचक व अनुमोदक म्हणून आपल्यापैकी दोघांनी पुढे यावे.

“संस्थेच्या सामाईक मीटरचा चालू महिन्याचा व गतवर्षीच्या त्याच महिन्याचा वापर, युनिटांत, दरमहा सूचनाफलकावर लावण्यात यावा; वापर वाढल्यास त्याचे कारण सचिवांनी त्याखाली लेखी नमूद करावे; जिने व वाहनतळ येथील दिव्यांपैकी रात्री अकरानंतर कोणते चालू राहावेत ते समितीने महिन्याभरात ठरवावे; आणि गॅलरीत दोरीवर कपडे वाळत घालण्यास मनाई करणारा नियम आजच्या तारखेपासून रद्द समजावा.”