गर्भ कीं गुल्म?

रक्तगुल्माच्या चिकित्सेसंबंधीं चरकसंहितेंत एक विलक्षण नियम आहे: दहावा महिना उलटल्यावांचून उपचारास आरंभ करूं नये. या विकारांत ऋतु बंद होतो, डोहाळे लागतात, पोट वाढतें. गर्भाचे अवयव निरनिराळे स्फुरतात, गुल्म मात्र सबंध गोळाच हालतो, एवढाच काय तो भेद. संशयांत गर्भाचा घात होण्यापेक्षां वाट पाहिलेली बरी, हा हेतु उघड आहे.

उलट घोटाळाही घडलेला आहे. १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत जेन क्रॉफर्ड या बाईंचे दिवस भरून गेले आहेत असें वैद्यांनीं ठरविलें होतें. डॉक्टर मॅकडॉवेल यांनीं तो अंडाशयाचा गोळा असल्याचें ओळखलें आणि भुलीचें औषध ठाऊक नसलेल्या त्या काळीं तो कापून काढला. वजन २२ पौंडांवर! बाई पुढें तीस वर्षांहून अधिक जगल्या.

आतां सोनोग्राफीमुळें गर्भ आणि गांठ दोन्ही एकदमच दिसतात, आणि खरी पंचाईत तेथेंच सुरू होते. आमच्या करंजाड्यांत एका परिचित घरीं तिसरा महिना लागलेल्या सुनेच्या अंडाशयावर गांठ निघाली. आजेसासूबाई म्हणाल्या, प्रसूतीपर्यंत हात लावूं नका. सासरे म्हणाले, उद्यांच काढा. आमच्या मतें दोघेही चुकले. आरंभींच्या बहुतेक गांठी म्हणजे जेथून बीज सुटलें त्या पुटकाचाच अवशेष. पहिले आठ-दहा आठवडे गर्भाला आधार देणारा स्राव तोच पुरवितो, व चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा आपोआप विरतो. जी गांठ टिकते, वाढते, किंवा जिच्यांत घट्ट भाग दिसतो, ती १४ व्या आठवड्यानंतर, गर्भाशय फार मोठा होण्यापूर्वीं काढणें सोयीचें. बहुधा दुर्बिणीनेंही तें साधतें. कर्करोग क्वचितच निघतो. सीए-१२५ नांवाच्या रक्ततपासणीवर मात्र फार विसंबूं नये. गर्भारपणानेंच तिचा आंकडा चढतो.

परंतु गांठीसह अंडाशयाला पीळ पडला तर मुहूर्त पाहण्यास सवड नसते. ओटीपोटांत एका बाजूस एकाएकीं असह्य कळ, वर ओकाऱ्या! अशा वेळीं ‘दिवसांत दुखायचेंच’ म्हणून शेक देत बसणारीं सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं आहेत. त्वरित शस्त्रक्रिया झाली तर पीळ उलगडून अंडाशय वांचूं शकतो. महिना कितवा हा प्रश्न तेथें गौण आहे.

त्या सुनेची फेरतपासणी सोळाव्या आठवड्यांत आहे. गांठ राहिलीच तर संमतीची सही आपण स्वतः करणार, असें तिनें घरांत सांगून ठेविलें आहे.