दात किती घासायचे?

दंतवैद्य माणसाला खुर्चीत आडवं पाडतात, तोंडात आरसा आणि थुंकी ओढणारी नळी घालतात आणि मग निर्णय विचारतात. ‘काय करूया, व्हिनिअर की कॅप?’ आपल्या तोंडून ‘आँ’ एवढंच निघतं. तो होकार धरला जातो. कशाला होकार दिला, ते बिल हातात आल्यावर कळतं.

दिसण्याचं म्हणाल तर दोन्ही छान दिसतात. चांगल्या लॅबचं काम असेल तर शेजारी बसलेल्यालाही शंका येत नाही. फरक आहे तो आपला स्वतःचा दात किती घासला जातो, यात. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण मोडलेलं हाड सांधतं, गेलेलं इनॅमल परत येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात.

व्हिनिअर बसतं दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सिरॅमिकची चकती. तिच्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर घासतात, कधी त्याहूनही कमी. कॅप मात्र दाताला पूर्ण वेढते, त्यामुळे चारही बाजूंनी आणि टोकाकडून एक ते दोन मिलिमीटर जातात. उरतो तो खुंट. एडलहॉफ आणि सोरेनसन या संशोधकांनी २००२ साली पुढच्या दातांचं याबाबतीत मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. हिरडीबाहेर दिसणाऱ्या दातापैकी व्हिनिअरसाठी ३ ते ३० टक्के भाग जातो आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. हे आकडे प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावायला हवेत, त्या हसऱ्या मॉडेलच्या शेजारी.

कॅपला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोकळ झालेली असते, चावण्याचा सगळा भार तिच्यावर पडतो, आणि कॅप न घालता तशीच ठेवली तर एक दिवस चिक्की खाताना ती उभी चिरते. मग ती काढण्यावाचून इलाज नसतो. अर्धा दात कीड खाऊन गेला असेल, मोठी भरणी असेल, तुकडा उडाला असेल, तर तिथे कॅपच हवी. झिजलेल्या दातावर व्हिनिअर चिकटवण्याचा हट्ट धरणारेही असतात, तेही चूकच. व्हिनिअर टिकतं ते खालच्या इनॅमलच्या जिवावर.

हे इनॅमलचं महत्त्व कळायला बराच काळ जावा लागला. १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाचे कॅलिफोर्नियाचे दंतवैद्य सिनेनटांच्या दातांवर पातळ कवचं चढवून द्यायचे, पण ती चिकटवायची कवळीच्या पावडरीने. शूटिंग संपलं की काढून ठेवायची आणि मग जेवायला बसायचं. आम्ल लावून इनॅमल खरखरीत केलं की त्यावर रेझिन घट्ट धरतं, हे मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं, आणि सिरॅमिकची कायमची व्हिनिअर त्यानंतरही पंचवीसेक वर्षांनी आली. म्हणजे ज्याला आपण घासून टाकायला निघतो, तोच या सगळ्या कामाचा पाया.

आता माझ्या भाचीचं सांगतो. ती पांढरकवड्याकडची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात, त्या वयात ते पाणी पोटात गेलं की दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग उमटतात. पुढे घरात आरओ बसवा नाहीतर पुण्याला राहायला या, डाग हटत नाहीत. पोरगी फोटोत ओठ मिटूनच हसायची. लग्न ठरल्यावर एका दवाखान्यात गेली, तर सांगण्यात आलं की वरच्या सहाही दातांना कॅप घालू, दोन बैठकांत काम खलास. सहाही दात ठणठणीत. ना कीड, ना रूट कॅनल.

ब्रिटनमधली तरुण मुलं तुर्कस्तानात जाऊन स्वस्तात ‘व्हिनिअर’ करून येतात आणि प्रत्यक्षात त्यांच्या दातांचे खुंट करून वर कॅप बसवलेल्या असतात, अशा बातम्या मध्यंतरी बऱ्याच आल्या. ते वाचून आपण हळहळतो. पण इतक्या लांब जायची गरज आहे का?

दुसऱ्या डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी गेलो. या बाईंनी आधी तिला खिडकीशी नेलं. हातात शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगाचे सोळा नमुने ओळीने लावलेली पट्टी. एकेक नमुना दाताशी धरून, डोळे बारीक करून बघणं चाललं होतं. भाचीने सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘तो घेतलास तर आधी दात दिसतील, मग तू.’ आधी वरवरचे डाग हलक्या घर्षणाने कमी करायचे, मग ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून रंग स्थिरावू द्यायचा आणि त्यानंतर उरेल त्याचा विचार करायचा, असं ठरलं. उरले दोन पटाशीचे दात. त्यांनाच व्हिनिअर. फ्लोराइडने डागाळलेलं इनॅमल आम्लालाही लवकर दाद देत नाही, म्हणून चिकटवताना त्यांनी जास्त वेळ घेतला.

‘दोनच कायले?’ ताईच्या सासूबाई म्हणाल्या. ‘पैसे देऊनच राह्यलो त सारेच करून घ्या ना!’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि काही दवाखाने त्यावरच चालतात.

व्हिनिअर जन्मभराचं नसतं हेही बाईंनी आधीच सांगितलं. दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागेल, कॅपचंही साधारण तेच, आणि आरोग्य विम्यात असल्या खर्चाला बहुधा जागा नसते. भाचीने मोबाइलवर दोन दातांचा आणि सहा दातांचा हिशेब मांडला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. मग बाईंनी विचारलं, झोपेत दात खातेस का? तिला काय माहीत! रूममेटला फोन लावला. खाते म्हणे, कराकरा. तेव्हा रात्री घालायचं नाइट गार्डही करायला टाकलं. लग्नाच्या सामानाच्या यादीत ताईने ते शालूच्या खालोखाल लिहून ठेवलं आहे.