वाक्यातलं ‘नाही’ कुठे गेलं?

वेबसाइटवर मधेच उगवणाऱ्या चौकटीविषयी कुणी चांगलं बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. सायबर कॅफेच्या दिवसांत एक पान उघडावं तर मागोमाग चार जाहिराती उघडायच्या. १९९०च्या दशकात ट्रायपॉडसाठी असा कोड लिहिणाऱ्या ईथन झकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या स्वतंत्र खिडक्या आता ब्राउझर सहसा अडवतात. मी लिहिते आहे ती पानातल्या पानात, कोपऱ्यात उमटणाऱ्या सूचनेच्या पट्टीबद्दल. ती मात्र कामाची असते.

बांधायलाही सोपी. पानात एक रिकामी चौकट ठेवायची. सीएसएसमध्ये ‘पोझिशन: फिक्स्ड’ लिहिलं की पान कितीही वर-खाली सरकवा, ती जागची हलत नाही. आधी अदृश्य ठेवायची. जावास्क्रिप्टने तिला एक क्लास जोडला की ‘ट्रान्झिशन’मुळे हळूच दिसू लागते आणि ‘सेटटाइमआउट’ने ठरल्या वेळी निघून जाते. ३००० लिहिलं तर तीन सेकंद. जुना ‘अलर्ट’ ‘ओके’ म्हटल्याशिवाय पुढे जाऊच देत नसे, तशी ही दारात आडवी उभी राहत नाही.

इथवर सगळं कुठल्याही पुस्तकात सापडतं. आपल्या भागातली अडचण निराळी आहे.

माझ्या धाकट्या जावेचं माहेर गोकाकचं. ती कन्नड झरझर वाचते, मराठी बोलते आमच्यापेक्षा गोड, पण वाचताना सावकाश जाते. बचत गटाच्या वेबसाइटवर तिने हप्ता भरला. पट्टी आली, ‘तुमचा या महिन्याचा हप्ता जमा झाला…’ आणि गेली. ही निर्धास्त. पुढच्या बैठकीत थकबाकीदारांत तिचं नाव वाचलं गेलं, सगळ्या बायकांसमोर. दोन दिवस ती जेवली नाही धड.

मूळ वाक्याच्या शेवटी ‘नाही’ होतं. पट्टी एका ओळीचीच ठेवलेली. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर न मावलेलं ‘नाही’ सीएसएसने कापलं आणि तिथे तीन टिंबं दिली.

इंग्रजीत नकार सहसा मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन जातो. आपल्याकडे ‘जमा झाला नाही’, तिकडे ‘जमा आगिल्ल’. दोन्ही घरांत तो शेवटी. शेपूट कापलं की अर्थ उलटा होतो! म्हणून टिंबांचा नियम काढून टाका, ओळ खाली वळू द्या, उंची ठरवून देऊ नका. कन्नडमधले ओत्तक्षर ओळीखाली लोंबतात, आपल्या मात्रा वर जातात; ‘लाइन-हाइट’ दीडपट तरी हवी. कन्नड मजकुराच्या चौकटीला ‘लँग’मध्ये ‘केएन’ आणि मराठीला ‘एमआर’ लिहावं, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या त्या भाषेचा आवाज घेऊ शकतं. चौकटीला ‘रोल’ म्हणून ‘स्टेटस’ दिलं तर दृष्टिहीनांनाही सूचना ऐकू जाते.

वेळेचं म्हणाल, तर ‘जमा झाला’ हे पाच-सात सेकंदांत गेलं तरी चालेल. नकार आणि पैशाची गोष्ट मात्र आपण होऊन जाऊच नये. तिथे ‘सेटटाइमआउट’ लावायचा नाही, बंद करायचं बटण द्यायचं. ‘स्वल्प तडीरी’ म्हणायची सोय वाचणाऱ्याला नको का?

गटातल्या बायकांनी आता वाक्यच बदलून घेतलं आहे: मराठीत ‘हप्ता बाकी’, कन्नडमध्ये ‘कंतु बाकी’. मोबाइलवर अर्ध्या ओळीत मावतं. शिवाय पट्टी बंद केल्यावरही हीच ओळ खात्याच्या पानावर लाल अक्षरांत राहते, पैसे जमा होईपर्यंत.