पैसे दिले, पण कोणाला?

सॅक्रॅमेंटोला आमचं एक छोटंसं जुनं घर आहे. १९५० च्या दशकातलं, दोन बेडरूम, एक बाथरूम. बे एरियात दुसरं घर घ्यायची ऐपत नाही, म्हणून दोन तासांवर जाऊन भाड्याने द्यायला घेतलेलं. २०१९ मध्ये जुने भाडेकरू गेले आणि मी किचन-बाथरूम नवं करायला काढलं.

कंत्राटदार नेमताना मी अगदी इंजिनिअरसारखा वागलो. तीन कोटेशनं, एक्सेल शीट, राज्याच्या परवाना मंडळाच्या साइटवर जाऊन परवाना चालू आहे का, बाँड आहे का, कामगारांचा विमा आहे का, सगळं तपासलं. घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे जुन्या रंगात शिसं असू शकतं, तर त्याचंही प्रमाणपत्र पाहिलं. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामावर १००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यात जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही, हेही मला पाठ होतं. माणूस गोड बोलणारा, वेळेवर येणारा. एकेक टप्पा झाला की फोटो बघून मी त्याच दिवशी चेक द्यायचो. वेळेवर पैसे देणारा मालक म्हणून स्वतःचं जरा कौतुकच वाटत होतं!

काम संपल्यावर तीन आठवड्यांनी एका शनिवारी कुलपं बदलायला गेलो, तर दारात एक मेक्सिकन गृहस्थ उभे. पन्नाशीचे, टोपी हातात. बाथरूमच्या टाइल्स त्यांनीच बसवलेल्या. म्हणाले, "सर, माझे ३४०० डॉलर राहिलेत." मी म्हटलं, "मी तर सगळे चुकते केलेत, कंत्राटदाराला विचारा." ते म्हणाले, "तो फोन उचलत नाही. मी तुम्हाला कागद पाठवला होता ना?"

कागद आला होता खरा. सर्टिफाइड मेलने, काम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी. 'प्रिलिमिनरी नोटीस'. मला वाटलं काहीतरी छापील भानगड, कंत्राटदार बघून घेईल. टाकला ड्रॉवरमध्ये. घरी येऊन शोधून वाचला, तर त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की तुम्ही कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले असले तरी, हा कागद पाठवणाऱ्याला ते मिळाले नाहीत, तर तुमच्या घरावर लीन लागू शकतं. (आपलं 'नम्र' वालं लीन नव्हे. घरावर चढणारा बोजा. तो लागला की घर विकणं, कर्ज बदलून घेणं, सगळं अडतं.) कागद त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने भरला होता म्हणे.

मी ३४०० डॉलर पुन्हा भरले. कंत्राटदाराने आमचे पैसे आधीच्या कुठल्या तरी कामाचं भोक बुजवायला वापरले होते. खूप मागे लागल्यावर त्यातले १५०० परत मिळाले.

आता मुद्दा. गणपतीच्या जेवणाला भाड्याची घरं असलेली आपली मंडळी जमली की ही गोष्ट निघते आणि सगळे एकमुखाने म्हणतात, काय हा कायदा, एकाच कामाचे दोनदा पैसे! मला तसं वाटत नाही. कंत्राटदार निवडला कोणी? मी. पैशाची नाडी कोणाच्या हातात होती? माझ्या. आणि त्या फरशीचं भाडं दर महिन्याला कोण खातं? त्या गृहस्थांच्या हातात काय होतं, तर बसवून झालेल्या टाइल्स, ज्या ते उखडून नेऊ शकत नाहीत.

हा हक्क कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेतच आहे. त्याच्याही आधी, १७९१ साली, मेरीलँडने असा कायदा केला, कारण नवी राजधानी वॉशिंग्टन बांधायला कारागीर आणि माल हवा होता, आणि पैशाची खात्री नसेल तर कोण येणार? जेफरसननी त्यासाठी पुढाकार घेतला होता.

मला आठवतं ते पुण्याचं. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं काम चालू असताना मुकादम पैसे घेऊन पळाला. त्याची माणसं, बायका-पोरांसकट, दोन दिवस गेटपाशी बसून होती. कमिटीने ठरवलं, "आपण दिलेत, तो त्यांच्यातला मामला आहे." तिसऱ्या दिवशी वॉचमनने त्यांना उठवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

असो. आता मी काय करतो, तर नोटीस आली की नाव वहीत लिहितो. प्रत्येक चेकच्या आधी त्या नावांकडून हक्कसोडीचा कागद मागतो. चेक वटेपर्यंत 'कंडिशनल', वटल्यावर 'अनकंडिशनल'; फॉर्म कायद्यातच छापलेले आहेत. मोठी रक्कम असेल तर दोघांच्या नावे एकच चेक. एका कंत्राटदाराने "विश्वास नाही का?" म्हणून काम सोडलं. जाऊ दे म्हटलं.

किचनच्या ओट्यामागच्या टाइल्स नंतर त्याच गृहस्थांकडून लावून घेतल्या. त्यांचा स्वतःचा परवाना आहे. या वेळी करार थेट माझ्याशी होता, कागद मीच भरला, आणि त्यांनी तो मुलीला फोटो काढून पाठवल्यावरच सही केली.