प्रतिकृती होईल, पण वारसा कोणाच्या हाती?

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताला लागून सागवानी फासळ्या दिसतात. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच. सुमारे दोन हजार वर्षे हे लाकूड टिकून आहे. येथील शिलालेखांत राजांबरोबरच धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. प्रवेशद्वाराचे काम त्याने केले. कष्टकऱ्याचे नाव जपणारा हा आमचा बौद्ध वारसा आहे.

पण लाकूड म्हणजे दगड नव्हे. वाळवी, ओल आणि आग हे त्याचे वैरी. यावर आज डिजिटल स्कॅनिंगचा उपाय आहे. लेझर किरणांनी वस्तूच्या पृष्ठभागावरील लाखो बिंदू मोजले जातात व संगणकात तिची हुबेहूब त्रिमितीय नोंद तयार होते. त्या नोंदीवरून यंत्र नव्या लाकडात प्रतिकृती कोरते. या तंत्राचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न एवढाच, निर्णय कोणाचा?

अमेरिकेत अलास्कातील ट्लिंगिट आदिवासींनी याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या एका कुळाची, किलर व्हेलचे रूप कोरलेली लाकडी विधी-टोपी 1904 मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नेण्यात आली. कायद्याच्या बळावर ती 2005 मध्ये कुळाला परत मिळाली. पुढे कुळप्रमुखाच्या संमतीने स्कॅनिंग होऊन संग्रहालयासाठी प्रतिकृती घडवली गेली. मूळ वस्तू समाजाकडे, प्रतिकृती संग्रहालयात! मूळ टोपीला उद्या काही झाले, तरी नोंद हाताशी आहे.

आम्ही यातून काय शिकायचे? स्कॅनिंग लाकूड वाचवत नाही, त्याचे फक्त रूप टिपते. लाकडाचे वय तपासायचे तर मूळ लाकूडच लागते. उद्या कोणी आमचा इतिहास नाकारला, तर साक्ष तेच देईल. म्हणून प्रतिकृतीच्या नावाखाली मूळ लाकडाची हेळसांड आम्ही खपवून घेणार नाही.

पुरातत्त्व खात्याने कार्ल्याच्या प्रत्येक फासळीची अशी नोंद ठेवावी, ती मराठीतून सर्वांना खुली करावी आणि जतनाच्या निर्णयात बौद्ध समाजाला स्थान द्यावे. समाजबांधवांनीही लेणी सहलीपुरती न पाहता लेखी मागणी करावी. सुतार सामीचे नाव दगडाने जपले. लाकूड जपणे आपल्या हाती आहे.