पटावर आहे, पंगतीत नाही

गावाकडच्या शाळेत जाऊन दिव्यांग मुलांची चौकशी केली, की गुरुजी कपाटातून फाइल काढतात. नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, आधार, बँकेचं खातं, सगळं टापटीप. मग विचारावं, ‘पोरगं कुठंय?’ तर बऱ्याचदा उत्तर येतं, ‘घरीच असतं. आजी सांभाळते.’ मुलाचं नाव पटावर आहे, पण दुपारच्या खिचडीच्या पंगतीत ते नाही. परभणी जिल्ह्यात या मुलांसाठी काहीच होत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. जे होतं ते जिल्ह्याच्या गावाहून निघतं, तालुक्याला पोचतं आणि गावाच्या शिवेवर थबकतं. पुढचं काम गावाचं आहे आणि गावाला ते आपलं वाटत नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. समग्र शिक्षेत प्रवासभत्ता आहे, मदतनीस भत्ताही आहे. पण भत्ता खात्यात जमा होतो. मुलाला उचलून शाळेत नेणारा माणूस खात्यात जमा होत नाही.

आईबापांची सगळी शक्ती खर्ची पडते ती प्रमाणपत्रात. पालम किंवा सोनपेठच्या वस्तीवरून मूल काखेत घ्यायचं, एसटीनं परभणी गाठायची, जिल्हा रुग्णालयात रांग धरायची. त्या दिवसाची मजुरी बुडते. घरी परतल्यावर शेजारी विचारतात ते एवढंच, ‘किती टक्के निघाले?’ टक्के निघाले, की संजय गांधी निराधारचा ‘पगार’ सुरू होण्याची आशा. त्यात चूक काहीच नाही, घराला पैसा लागतोच. पण टक्केवारी हाती आली, की मुलाचं काम झालं, अशी समजूत घराची होते, गावाची होते आणि शाळेचीही.

मग शिबिर भरतं. मापं घेतली जातात, काही महिन्यांनी व्हीलचेअर मिळते, फोटो निघतो. ही खुर्ची गुळगुळीत फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर चालते. आपली जमीन काळी. आषाढात पाणंदीत बैल रुततो, तिथं खुर्चीच्या पुढच्या दोन लहान चाकांची काय कथा! चार पावलांत चाकांना चिखलाचे लाडू चढतात. आठवड्याभरात खुर्ची गोठ्यात जाते, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या जातात आणि मूल पुन्हा आईच्या कडेवर येतं. सहा वर्षांचं असेपर्यंत आई नेते. दहा वर्षांचं झालं, की तिच्या कमरेला ते झेपत नाही आणि शाळा तिथंच सुटते. त्या घरापासून शाळेपर्यंत मुरूम टाकायला किती खर्च येईल, हा हिशेब कोणी मांडत नाही.

शाळेच्या दारातही तेच. उताराचा हिशेब सोपा आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ओटा दीड फूट उंच असेल, तर उतार अठरा फुटांचा हवा. आपल्याकडे तो पाच-सहा फुटांत आटोपतात. त्यावरून खुर्ची वर चढत नाही, खाली मात्र सुसाट येते. तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प आहे’ असा शेरा पडतो, आणि तो खोटा नसतो.

दसरा-दिवाळीनंतर अडचण आणखी वाढते. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. धडधाकट मुलासाठी हंगामी वसतिगृहाचा पर्याय तरी पुढे येतो. ज्याला स्वतः जेवता येत नाही, शौचाला जाता येत नाही, त्याच्याकडे कोण बघणार? ते मूल एक तर थकलेल्या आजीजवळ राहतं, नाहीतर फडाशेजारच्या कोपीत दिवसभर पडून असतं. सगळं शिक्षण तिथं महिनोन्‌महिने बंद. वसतिगृहाचा प्रस्ताव करताना गावातल्याच एका बाईला अशा मुलांची मदतनीस म्हणून मानधनावर नेमावं, ही मागणी जिल्हा परिषदेकडे व्हायला हवी.

पैसा कुठून आणायचा, असं सरपंच विचारतील. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून चार लाख वसूल झाले, तर हे वीस हजार होतात. गावात वीस लाभार्थी असतील, तर माणशी हजार रुपये वाटायचे आणि सह्या घ्यायच्या, ही सोपी वाट. त्या हजारात कोणाचंच काही होत नाही. लाभार्थ्यांना विश्वासात घेऊन एक वर्ष तोच पैसा मुलांसाठी ठेवला, तर शाळेचा उतार नीट होईल, शौचालयात आधाराचा दांडा लागेल, दोन घरांपुढे मुरूम पडेल. मोठ्या माणसांनी एका वर्षाचे हजार रुपये सोडावेत, हे सांगणं अवघड आहे. पण ते सांगायला सरपंचच लागतो, कलेक्टर येऊन सांगणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा द्याव्या लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं या घटकात धरली गेली आहेत. तरी निवडीच्या दिवशी अशा मुलाच्या आईचं नाव कोणी सुचवत नाही, आणि ती स्वतःहून उठत नाही. ती समितीत असेल, तर सहलीला गाडी ठरवताना आणि गॅदरिंगमध्ये नाच बसवताना आपल्या मुलाचं काय, हे विचारणारं एक माणूस तिथं असेल. विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतो. तो महिन्यातून काही वेळा येईल. उरलेले सगळे दिवस वर्गशिक्षक, बाकावरचे सोबती आणि खिचडी वाढणाऱ्या मावशी यांचेच आहेत.

येत्या ग्रामसभेला जाणार असाल, तर एकच प्रश्न विचारा आणि उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या: आपल्या गावात शाळेच्या वयाची दिव्यांग मुलं किती, आणि काल त्यांतली किती मुलं पंगतीत जेवली? दोन आकड्यांत फरक निघाला, तर तो भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, त्याचं नावही त्याच सभेत ठरवा.