किलोच्या भावाने नक्षी

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या नव्या लेआउटमधून संध्याकाळी फेरफटका मारताना साहित्यिक मंडळींना एक विषय हमखास सापडतो. तो म्हणजे घरापुढची लोखंडी फाटके. सोनेरी रंग दिलेली भाल्यांची टोके, ओतीव फुले, मध्येच एखादा मोर, आणि खांबावर ‘श्रमसाफल्य’ अशी अक्षरे. मग कोणी नवश्रीमंतांच्या अभिरुचीवर दोन वाक्ये बोलतो, कोणी जुन्या वाड्यांच्या सागवानी दरवाजांची आठवण काढतो, आणि आपल्या लोकांना सौंदर्यदृष्टीच उरली नाही यावर सर्वांचे एकमत होते. हे एकमत आम्हीही अनेक वर्षे बाळगले. आता ते आम्ही सोडले आहे. ते नुसते चुकीचे नाही, अन्यायाचेही आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आमचे मत बदलले ते एखादा ग्रंथ वाचून नव्हे. अकोल्यातल्या आमच्या घराचे फाटक आम्ही एका उन्हाळ्यात घरीच, स्वतःच्या हातांनी केले. जवळच वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या एका कारागिराकडून यंत्र भाड्याने आणले. आम्ही कागदावर काढलेली वेलबुट्टी त्याला मोठ्या उत्साहाने दाखवली. त्याने ती पाहिली न पाहिलीशी केली आणि म्हणाला, “सर, पयले माती पाहा, मंग खांब, मंग फाटक.”

हे वाक्य म्हणजे वऱ्हाडातल्या फाटकांचे अर्धे शास्त्र होय. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात उथळ पायावर उभा केलेला खांब दर वर्षी थोडा थोडा कलतो, आणि मग घरमालक म्हणतो की फाटक बिघडले. वास्तविक फाटक आहे तसेच असते, जमीन हललेली असते. पाया खाली मुरमापर्यंत नेला तर हे टळते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक शत्रू असतो. अंगणात शिंपडलेले खारे पाणी फाटकाच्या खालच्या पट्टीवर वाळते आणि गंज तेथूनच चढू लागतो. तेथे पट्टी जमिनीपासून थोडी वर ठेवणे आणि पोकळ पाइपाची तोंडे वेल्डिंगने बंद करणे हीच खरी कारागिरी. ती कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून तिला कोणी कला म्हणत नाही.

आमचा पहिला पल्ला पिळला. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आक्रसतो आणि पट्टीला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना केवळ टाके मारायचे, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खात्री करायची, आणि मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरायचे. आम्ही उत्साहाच्या भरात एक बाजू सलग भरून टाकली होती. शिवाय काळ्या काचेआडून न पाहता दोनचार टाके मारले. त्या रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे झाले आणि पहाटेपर्यंत झोप नाही. दुसऱ्या दिवशी कारागिराने आमचे डोळे पाहिले आणि काही न बोलता चहा मागवला. त्याच्या लेखी ही विशेष गोष्ट नव्हती.

आता नक्षीकडे येतो, कारण वादाचा मुद्दा तोच आहे. फाटकाची उभी सळई १६ मिलिमीटरची चौकोनी घेतली तर तिचे वजन मीटरला सुमारे २ किलो भरते. दीड मीटरची एक सळई म्हणजे ३ किलो. तिला करायचे काय? एकदा कापायची, वर आणि खाली टाके मारायचे, संपले. दुसरीकडे २० बाय ३ मिलिमीटरच्या सपाट पट्टीचे एक वेटोळे घ्या. त्याला साधारण ६० सेंटिमीटर पट्टी लागते, म्हणजे वजन पाव किलोहून थोडे अधिक. हे वेटोळे साच्याभोवती वळवताना पट्टी हातातून निसटते, मध्येच मुडपते, आणि जोडीतले दुसरे वेटोळे पहिल्यासारखे कधीच होत नाही. आमची एक अख्खी दुपार सहा वेटोळ्यांत गेली, आणि त्यांतली दोन फेकून द्यावी लागली. सराईत हाताला अर्थातच इतका वेळ लागत नाही, पण सळईपेक्षा कितीतरी अधिक लागतो.

आणि या कामाचे पैसे कसे मिळतात? बहुतेक ठिकाणी लोखंडी फाटकाचा दर किलोवर ठरतो. फाटक काट्यावर चढते, आकडा वाचला जातो, दराने गुणला जातो. कागद, पेन्सिल, नजर, मनगट, रद्द झालेली वेटोळी यांना काट्यावर वजन नाही. या व्यवहारात ३ किलोची सरळ सळई बसवणारा सुखी, आणि पाव किलोचे नाजूक वेटोळे वळवणारा वेडा. मग कारागीर काय करतो? जे कोणताही शहाणा माणूस करील तेच. तो जाड सळई वापरतो, बाजारातून तयार ओतीव फुले आणि भाले आणतो, ते पटापट चिकटवतो, आणि वरून सोनेरी रंग मारतो. ज्या बटबटीतपणाला आपण ‘अभिरुची’ असे नाव देऊन नाके मुरडतो, तो मुळात दरपत्रकातून आलेला आहे. कारागिराने नाजूक काम करू नये म्हणून आपणच त्याला दंड करतो, आणि त्याने ते केले नाही म्हणून पुन्हा आपणच त्याला हसतो.

यावर एक विद्वत्तापूर्ण आक्षेप घेतला जाईल याची आम्हास कल्पना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवले. नक्षी म्हणजे वाया गेलेले श्रम, वाया गेलेले आरोग्य, आणि नक्षी करणाऱ्याला मिळणारा तुटपुंजा मोबदला, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा नक्षीच नको, साधी चौकट पुरे. लोसच्या या म्हणण्यातला आरोग्याचा आणि मजुरीचा भाग आम्हास मान्य आहे; डोळ्यांतल्या वाळूचा अनुभव ताजा आहे. परंतु मजुरी कमी मिळते म्हणून कामच बंद करा, हा न्याय विचित्र आहे. कवितेला मानधन मिळत नाही म्हणून कविता हा गुन्हा ठरवावा, असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. शिवाय लोसच्या मांडणीत नक्षीची आवड हे ‘मागासलेल्या’ माणसाचे लक्षण होते. आपल्या संध्याकाळच्या फेरफटक्यातल्या नापसंतीत हाच तुच्छतेचा सूर असतो; फरक इतकाच की आपण लोसचे नाव घेत नाही.

‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा आम्ही अनेकदा पाहिला आहे. पांढरट वालुकाश्म, कोरलेली कमळे, बाजूंच्या दगडी जाळ्या. वऱ्हाडात एवढे देखणे द्वार दुसरे नाही. शिलालेखातून बहामनी सुलतान महमूदशहाचे नाव आणि १४८७ हे वर्ष निघते. ज्याच्या राज्यात दरवाजा झाला त्याचे नाव दगडावर राहिले; कमळ कोरणारा हात निनावी गेला. अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ साली पेंढाऱ्यांच्या भयाने सुरू झाला. त्याच्या नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट या दरवाजांची नावे आज अख्ख्या वस्त्यांना आणि पोलीस ठाण्यांना आहेत. अकोल्याची दहीहांडा वेसही तशीच. ही नावे सांगतात की रस्ता कोठे जातो. दरवाजा कोणी घडवला, हे त्यांतले एकही सांगत नाही. म्हणजे जुन्या काळी सौंदर्य होते हे खरे, पण ‘श्रमसाफल्य’ ही पाटी तेव्हाही दुसऱ्याच्याच श्रमावर लागत होती. जुन्याची आठवण काढणाऱ्यांना हे सातत्य दिसत नाही, किंवा सोयीने दिसत नाही.

आता आमच्याकडेच बोट वळवतो. फाटक उभे राहिले तेव्हा आलेल्या प्रत्येकाने आमचे कौतुक केले. ‘साहित्याचा प्राध्यापक आणि वेल्डिंग! केवढा छंद!’ कोणी छायाचित्रे काढली. वाकडी वेटोळी ‘हस्तकलेचा जिवंतपणा’ ठरली. हीच वेटोळी त्या कारागिराने करून दिली असती तर याच मंडळींनी दरात घासाघीस केली असती आणि वाकडेपणाबद्दल पैसे कापले असते. एकच काम एकाच्या हाती छंद आणि दुसऱ्याच्या हाती धंदा का होते? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या चिकित्सेत दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीही उतरंडीची. त्या उतरंडीवर वरून खाली हौसेने उतरता येते आणि टाळ्या मिळतात. खालून वर जाणाऱ्या हाताला मात्र टाळी नाही. घरी स्वतः वस्तू करण्याची जी नवी आवड सध्या शहरांत दिसते, तिच्यात हा प्रश्न नसेल तर ती निव्वळ करमणूक आहे.

शासनाची दृष्टीही याहून फार निराळी नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलुपे करणारा आहे. पण वेल्डिंग करून फाटके घडवणारा त्या नावाने नाही. पिढीजात असेल तेच कौशल्य ‘पारंपरिक’, आणि आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर अभ्यासक्रम करून नाना जातींची, धर्मांची पोरे जे शिकतात ते निव्वळ रोजगार! वास्तविक जातीच्या चौकटीबाहेर घडलेली ही आपल्याकडची नवी कारागिरी आहे. भात्याच्या आणि ऐरणीच्या लोहाराबद्दल गहिवरून लिहिणारे आम्ही लेखक या नव्या कारागिराबद्दल ओळही लिहीत नाही. वऱ्हाडापासून हाकेच्या अंतरावर, वर्ध्यात, १९३७ साली हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली गेली. आम्ही तिच्यावर भाषणे केली, परीक्षेत प्रश्न घातले, आणि हात खिशातच ठेवले.

आता पोलादी पत्रा यंत्राने कापून त्यात नक्षी पाडलेली फाटके आली आहेत. यंत्राला आमचा विरोध नाही. वेल्डिंगचे यंत्रही यंत्रच आहे. पण तेथे नक्षी संगणकातल्या संचातून येते, आणि कारागिराकडे फक्त चौकटीला पत्रा डकवणे उरते. किलोच्या दराने त्याची नजर आधीच बिनमोल ठरवली होती. आता तिची गरजही संपवली जात आहे. या संक्रमणाला ‘अभिरुचीची सुधारणा’ म्हणण्याची घाई कृपया कोणी करू नये.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. फाटक करून घेताना आराखड्याचे आणि नक्षीचे पैसे वजनापासून वेगळे ठरवावेत. काळी काच आणि हातमोजे हा कामाच्या खर्चाचा भाग मानावा. कारागिराने लावलेली छोटी पाटी पहिल्याच रंगकामात खरवडून काढू नये. आणि समीक्षकांनी एखाद्या फाटकाला बटबटीत म्हणण्यापूर्वी ते कोणत्या दराने झाले एवढे विचारावे.

आमच्या फाटकाच्या खालच्या पट्टीवर त्या कारागिराचे नाव घालायचे आम्ही ठरवले, कारण माती, कर्ण आणि दुरुस्त केलेला पल्ला ही सारी विद्या त्याची होती. त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. “सर, नाव राहू द्या, नंबर टाका.” आम्ही दोन्ही घातले. उजवा पल्ला आमच्या मूळ चुकीमुळे पावसाळ्यात अजूनही फरशीला घासतो, आणि तेथे एक अर्धवर्तुळाकार रेघ उमटली आहे. आमच्या अभिरुचीवर कोणास काही बोलायचे असल्यास त्यांनी त्या रेघेपासून सुरुवात करावी.